गडचिरोलीची संशोधनशाळा

रुग्णाला आणि त्याच्या गावाला केवळ तपासणीचा नमुना न मानता, प्रश्न ठरवण्यापासून उत्तर अमलात आणण्यापर्यंत सोबत घेणारे संशोधन म्हणजे रुग्णाभिमुख संशोधन. कॅनडाने २०११ साली त्यासाठी राष्ट्रीय धोरण आखले. जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मात्र त्याचे धडे पाव शतक आधीच गिरवले जाऊ लागले होते.

हा पट्टा ताडोबालगतच्या मोहर्लीपासून दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत पसरलेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्याआधी दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही त्याच विद्यापीठात शिकलेले. १९७० पासून त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले होते.

गडचिरोलीतील पहिला धडा संशोधकांनाच मिळाला. सुरुवातीचा सिकलसेलचा अभ्यास वैज्ञानिकदृष्ट्या मोलाचा होता, पण ती लोकांनी मांडलेली गरज नव्हती, हे बंग दांपत्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. तेव्हापासून आधी ऐकायचे आणि मग मोजायचे, हा क्रम ठरला. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. एकूण स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. ‘लॅन्सेट’ने १९८९ मध्ये हा अभ्यास छापला आणि ग्रामीण स्त्रीचे मुके दुखणे जगाच्या आरोग्यचर्चेत आले.

पुढे शिकणाऱ्यांचे वर्तुळ रुंदावले. विदर्भात ‘डब्बा’ म्हणतात तो बालन्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे श्वास मोजावे लागतात. पण हे काम शिकणाऱ्या अनेक सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी यांचा श्वासमापक तयार झाला. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. सुईण जिथे अडली, तिथे दोष तिच्या अक्षरओळखीचा न मानता साधनच बदलले गेले.

१९९३ पासून नवजात बाळांचा अभ्यास सुरू झाला. ३९ गावांत निवडलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, श्वास गुदमरल्यास उपचार करणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवणे, हे सारे त्या शिकल्या. डॉक्टर त्यांच्या नोंदी घरोघर जाऊन पडताळत. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे समाविष्ट झाले.

‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातील दवाखान्याला आदिवासींच्या श्रद्धास्थानाचे, माँ दंतेश्वरीचे नाव आहे, आणि इमारती गावातल्या घरांसारख्या आहेत. आदिवासींच्या आरोग्य संसदेत गावकरी आपले आजार आणि अग्रक्रम स्वतः मांडतात. त्यातूनच मलेरियासारखे प्रश्न कामाच्या यादीत वर आले.

नव्या पिढीसाठी २००६ मध्ये ‘निर्माण’ हा युवा उपक्रम सुरू झाला. त्याच्या शिबिरांतून आलेल्या तरुण डॉक्टरांपैकी काहींनी गडचिरोलीसारख्या दुर्गम भागात काम पत्करले. विदर्भातल्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावात राहायला पाठवण्याची परंपरा जपली आहे. दोन्हीकडे विद्यार्थी रुग्णाला त्याच्या घरी, त्याच्या चुलीजवळ भेटतो.

तरुण संशोधकाला संख्याशास्त्र ग्रंथालयात शिकता येते. कोणता प्रश्न विचारावा, हे मात्र गावच शिकवते. गडचिरोलीच्या या शाळेत आरोग्यदूत आणि सुईण विद्यार्थिनी होत्या, तशाच गुरूही होत्या.