धसका आणि निदान

पोटात धस्स होतं. छातीत धडधडतं. गोळी लागते, जखम होते, हाड मोडतं. या सगळ्यात माणूस फक्त सोसणारा असतो. पण तीच भीती महिनोन्‌महिने मुक्कामाला राहिली की आपलं क्रियापद बहुधा बदलतं. धस्स होतं, धसका मात्र घेतला जातो. त्यानं धसका घेतला, त्यानं हाय खाल्ली, त्यानं मनाला फार लावून घेतलं. धस्स आणि धसका एकाच ध्वनीतून निघालेले शब्द. तरी एक आपोआप होतो आणि दुसऱ्याला कर्ता लागतो. मारसुद्धा खाल्लाच जातो, तेव्हा क्रियापदावरून एवढं काढू नये, असं कुणी म्हणेल. मग आज्ञार्थ लावून पाहा. ‘धसका घेऊ नकोस’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे आपण सहज बोलतो. जखमेला अशी आज्ञा करताच येत नाही. जे घेऊ नकोस म्हणता येतं ते घेतलं, तर दोष घेणाऱ्याचा, हे बोलतानाच ठरून जातं.

लढाईवरून परतलेल्या माणसाला हा दोष फार जड जातो. सिंगापूरचंच उदाहरण घ्या. १५ फेब्रुवारी १९४२ला ब्रिटिशांनी तिथं शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिकांना कर्नल हंट यांनी जपानच्या मेजर फुजिवारांच्या हवाली केलं आणि फुजिवारांनी लगेच कॅप्टन मोहनसिंगांच्या. एकाच सभेत दोनदा मालकी बदलली. काहींनी मोहनसिंगांच्या आझाद हिंद सेनेची वाट धरली. ज्यांनी नकार दिला त्यांतल्या हजारोंना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला नेलं. १९४५मध्ये ब्रिटिश परतले तेव्हा आझाद हिंदवाल्यांची चौकशी होऊन त्यांचे तीन रंग ठरले: पांढरे, करडे, काळे. पांढरा निष्ठावंत, करडा बहकलेला, काळा कट्टर. काळ्यांच्या नशिबी बडतर्फी आली, बुडालेला पगार आला. माणसाला आतून काय झालंय हे सांगणारा रंग त्या यादीत नव्हता. याच शरणागतीत सापडलेले सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले आणि स्वतंत्र भारतात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणं, आणि फाळणीच्या त्या काळात त्याचा अर्थ निर्वासितांसाठी घर, जमीन, रोजगार असाच होता.

वैद्यकाकडे शब्द अजिबात नव्हते असं नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या तोंडी असलेला ‘शेल शॉक’ हा शब्द डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. १९१७मध्ये ब्रिटिश लष्करानं तो कागदोपत्री वापरायला मनाई केली. त्याऐवजी लिहायचं, ‘अजून निदान नाही, मज्जासंस्थेचा रुग्ण’. हा शेरा मला त्या शतकातला सर्वांत निष्ठुर शेरा वाटतो. पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हे नाव अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आलं १९८०मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्यांमुळे. फॅरर पार्कवर बाविशीत उभा असलेला शिपाई तोवर साठीचा झाला होता.

आता निदान या शब्दाकडे वळू. नि आणि दा, म्हणजे बांधणं. ऋग्वेदात निदान म्हणजे दावं, बांधायची दोरी. त्यावरून मूळ कारण, आणि वैद्यकात रोगाचं कारण नि त्याची ओळख. रोग ज्या खुंट्याला बांधलेला आहे, तिथपर्यंत दोरी धरून जायचं. चरकानं उन्मादाच्या कारणांत मनोऽभिघात सांगितला आहे, भयातून किंवा हर्षातून झालेला. पीटीएसडीला आज आपण ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणतो, त्यातला आघात आणि चरकाचा अभिघात एकाच ‘हन्’ धातूचे. म्हणजे मनालाही मार बसतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. मध्येच कुठेतरी आपण ती सोडून दिली.

जुन्या मराठीत निदान म्हणजे शेवट, निर्वाणीची वेळ असाही अर्थ होता. त्यातूनच ‘अखेरीस’ आणि पुढे आजचा ‘कमीत कमी’ हा अर्थ आला. निदान एवढं तरी कर. निवृत्त सैनिकाच्या बाबतीत ‘रोगाची ओळख’ आणि ‘कमीत कमी’ हे दोन्ही अर्थ एकत्र वाचावेत असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरनं कागदावर लिहिलं म्हणजे काम झालं, असं होत नाही. इंग्रजी डायग्नोसिसमधला ग्रीक ‘ग्नो’ आणि आपला ‘ज्ञा’ हे सख्खे भाऊ. त्या ‘ज्ञा’वरून जाणणं आलं, जाणीव आली. नोंद फाइलीत राहिली आणि जाणीव माणसापर्यंत पोचली नाही, तर तो फटाक्याला का दचकतो, बसमध्ये दाराजवळच का बसतो, बायकोवर का खेकसतो, याचं कारण स्वतःच्या स्वभावात शोधत राहतो. नाव कळलं की निदान स्वतःला भित्रा म्हणणं थांबतं. उपचाराला जायचं पाऊल त्यानंतर उचललं जातं.

सिंगापुरात आज स्थायिक झालेल्या मराठी घरांना हे लांबचं नाही. नागरिक किंवा दुसऱ्या पिढीचे कायम रहिवासी असलेले मुलगे साधारण अठराव्या वर्षी नॅशनल सर्व्हिसला जातात, पूर्णवेळ दोन वर्षं. ही सक्ती १९६७पासूनची. युद्ध नसलं तरी सरावात अपघात होऊ शकतो, डोळ्यांदेखत सोबती जखमी होऊ शकतो. असा मुलगा घरी येऊन रात्र रात्र जागू लागला, तर पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या आजीला फोनवर काय सांगायचं? मराठीत दुसरं क्रियापद आहेच. धक्का बसतो, मार बसतो, तसा धसकाही बसतो. तो घेतलाच पाहिजे असं नाही. ‘आई, त्याला धसका बसलाय. इथं बुआंकोकला इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ आहे, तिथं दाखवलं. डॉक्टर पीटीएसडी म्हणालेत, आणि त्यालाही समजावून सांगितलंय.’