नांगराची खबर

जाहिरात हा शब्द मराठीत आला तो अरबी-फारसीच्या वाटेने. जाहीर म्हणजे उघड, सर्वांस ठाऊक असलेले. मात्र शब्द येण्यापूर्वी ती गोष्ट येथे नव्हती असे म्हणता यावयाचे नाही. गावोगाव दवंडी पिटली जात असे, आठवड्याच्या बाजारात व्यापारी आपल्या मालाचे गुण ओरडून सांगत, आणि जत्रेतल्या कासाराच्या दुकानापुढे गर्दी जमे ती काही आपोआप जमत नसे. तथापि या सर्व व्यवहारात एक गोष्ट गृहीत धरलेली असे. घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत. सुताराने केलेला नांगर मोडला तर तो सुतार दुसऱ्या दिवशी त्याच पारावर भेटावयाचा होता, आणि त्याच्या बलुत्याचे दाणे त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावरून यावयाचे होते. अशा कारागिराला निराळी जाहिरात लागत नसे. त्याचे घर गावात होते, हीच त्याची हमी.

कारखाने निघाले आणि ही ओळख तुटली. माल करणारा एका गावी, तो वापरणारा शंभर-दोनशे मैलांवर, आणि मध्ये आगगाडी व टपाल. हिंदुस्थानात १८७७ साली व्ही. पी. ची सोय झाली. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. हाती फारसे भांडवल नसलेल्या माणसालाही आता तालुक्यातालुक्यात माल पाठविता येऊ लागला आणि त्याची किंमत घरबसल्या वसूल करता येऊ लागली. या सोयीचा फायदा उठविण्यात औषधे विकणारे फार पुढे होते. एकाच बाटलीत दहा रोगांचा नाश, आठ दिवसांत गेलेली शक्ती परत, गुण न आल्यास पैसे परत, अशा मजकुरांनी वर्तमानपत्रांचे रकाने आणि पंचांगांची मागली पाने भरून जात. त्यांतले काही औषधवाले सचोटीचे होते, यात शंका नाही. परंतु सचोटीचा आणि लबाड, दोघांची भाषा एकच झाल्यावर वाचकाने भेद कसा करावा? तो दोघांवरही अविश्वास ठेवू लागला. चमत्कारिक उपायांच्या आणि आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा व्हावयास १९५४ साल उजाडावे लागले. तोवर छापील शब्दाची पत बरीच खालावली होती.

छापील शब्दाची पत अशी घसरत असताना एका लहानशा कारखान्याने तो शब्द पुन्हा विश्वासास पात्र कसा केला, याची हकीकत मराठी उद्योगाच्या इतिहासात आहे. हा कारखाना किर्लोस्कर बंधूंचा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगांतला भेद आपल्याला नीट कळत नाही असे ध्यानात आल्यावर यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरी करीत असतानाच वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावी सायकलींचा व्यापार आरंभिला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून धरतो, तो याच दुकानाचा.

त्या काळी सायकल म्हणजे नवलाची वस्तू. ती पाहावयास सारे गाव लोटे, परंतु विकत कोण घेणार? जिच्यावर बसता येत नाही ती गाडी घेऊन करावयाचे काय? हे ओळखून रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालवावयासही शिकवीत. पुढे या घराण्याने जे जे केले त्याचे बीज या शिकवणीत आहे. नवी वस्तू विकणाऱ्याला आधी ती वापरणारा माणूस तयार करावा लागतो. जुन्या वस्तूच्या व्यापाऱ्याला हा त्रास नसतो. गूळ कसा खावा हे वाण्याला सांगावे लागत नाही.

सायकलींच्या व्यापारातून बंधूंचे लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर आला. बेळगावात कारखान्याचा जम बसू लागला, तोच नगरपालिकेने ती जागा सोडावयास लावली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात पुढे केला. कुंडल रोड स्टेशनाजवळची सुमारे ३२ एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर थोडी कामगार कुटुंबे राहावयास आली आणि किर्लोस्करवाडी वसली. मुंबई-पुण्याची बाजारपेठ दूर, आसपास लहान खेडी, आणि विकावयाचा माल असा की ज्याचे नाव काढताच शेतकऱ्याने मान फिरवावी. नांगर खपले नाहीत तर तो माळ पुन्हा ओसाड पडणार, हे उघड होते.

शेतकरी मान का फिरवी? लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष बाधते, असा समज त्या भागात होता. शहरातल्या सुशिक्षितांना या समजुतीचे हसू येण्याचा संभव आहे. परंतु विषाचा भाग सोडला तर तिच्यामागे व्यवहाराची एक रास्त शंका लपलेली होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो तासाभरात नीट करी. ओतीव लोखंडाचा नांगर मोडला तर तो सांधणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मृग तोंडावर आलेला, बैल जुंपलेले, आणि नांगर निकामी! शहाण्या गृहस्थाने अशी जोखीम का घ्यावी? शेतकऱ्याला वर्षातून हंगाम एकच मिळतो. विषाची गोष्ट खोटी होती. भीती खरी होती.

नांगराचे गुणही तितकेच खरे होते. दख्खनच्या काळ्या रानात मोठ्या लाकडी नांगराला बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत, आणि इतके करूनही तो माती उकरी, उलथी करीत नसे. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोलवर जिवंत राहत व पिकाचा घास खात. लोखंडी नांगराचा फाळ जमीन कापी, आणि त्याचे वळणदार पाते मातीचा थर पालथा घाली. मुळ्या उन्हात पडून वाळत. हे गुण कागदावर लिहून भागण्यासारखे नव्हते, कारण बहुतेक शेतकऱ्यांस अक्षरओळखच नव्हती. नांगर विकणाऱ्याने रानात उतरावे, एक तास काढून दाखवावे, आणि उलटलेली माती शेतकऱ्याच्या हातात द्यावी, यावाचून गत्यंतर नव्हते. नांगराची पहिली जाहिरात जमिनीवर लिहिली गेली, ती अशी.

आरंभीची वर्षे खडतर गेली. नांगर पडून राहत आणि धीराची परीक्षा पाहत. मग १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. विलायती नांगरांची आयात मंदावली आणि देशी नांगराला मागणी आली. कच्चे लोखंड आणि कोळसा यांची टंचाई सोसूनही कारखान्याने ती भागविली. परंतु युद्धाने दिलेले गिऱ्हाईक युद्ध संपल्यावर टिकेलच असे नसते. शांतता झाली की विलायती माल पुन्हा बंदरात उतरणार, हे कोणालाही कळत होते. १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. आता कारखान्याच्या नावावर नांगर घेणाऱ्याने विश्वास टाकावयाचा होता, तसाच आपली शिल्लक त्यात गुंतविणाऱ्यानेही टाकावयाचा होता. त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीहून एक लहानसे नियतकालिक निघाले. त्याचे नाव 'किर्लोस्कर खबर'.

या 'खबरी'चे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांचा जन्म १८९१ चा. लाहोरला पंडित सातवळेकरांपाशी त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते. हाती कुंचला होता, लेखणी होती, आणि विनोदाची नजर होती. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले. परदेशात कारखानदारांची नियतकालिके तेव्हा अपरिचित नव्हती. अमेरिकेत जॉन डीअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ पासून 'द फरो', म्हणजे नांगराचे तास, या नावाचे शेतकीचे पत्र चालविले होते. फोर्ड मोटार कंपनीचे 'फोर्ड टाइम्स' १९०८ साली निघाले होते. मराठीत मात्र ही नवी वाट होती.

'खबरी'चा आरंभीचा हेतू साधा होता. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस आणि विक्रेत्यांस कळावी. परंतु जाहिरातदार आणि संपादक एकाच माणसात नांदू लागले म्हणजे दोघांचे भांडण जुंपते. जाहिरातदार म्हणतो, प्रत्येक पानावर नांगर दिसू दे. संपादक म्हणतो, मग दुसऱ्या महिन्यात हे पान उघडील कोण? शंकररावांनी संपादकाचे ऐकले. उद्योगाच्या गोष्टी, आरोग्य, चरित्रे, कथा आणि स्वतः काढलेली व्यंगचित्रे यांनी ते अंक भरू लागले. त्यांच्या 'टाकाच्या फेकी' वाचकांच्या परिचयाच्या झाल्या. नांगर मागे सरला आणि नांगर ज्या वृत्तीतून निघाला होता ती वृत्ती पुढे आली. जुने आहे म्हणूनच ते खरे मानू नये, हाताने काम करण्यात कमीपणा नाही, आणि स्वतः करून पाहावे, हा या मासिकाचा सूर होता. यथावकाश नावातली 'खबर'ही गळाली व नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० साली त्याला 'स्त्री' ही बहीण लाभली, आणि १९३४ साली 'मनोहर' हा भाऊ.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या मासिकाचा जन्म माल खपविण्यासाठी झाला, त्याने वाचकांच्या श्रद्धांना धक्का देणारे लेखन छापावे काय? १९३० नंतरच्या दशकात 'किर्लोस्कर'ने अंधश्रद्धेवर लेखणी चालविली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही त्याच्या पानांतून प्रसिद्ध झाले. त्या विचारांनी अनेक वाचक दुखावले जाणार होते, आणि दुखावलेला वाचक हा कदाचित नांगराचा गिऱ्हाईकही असणार होता. निव्वळ दुकानदारीच्या हिशेबाने पाहिले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. विक्रेत्याने कोणाचे मन मोडू नये, हे तर व्यापाराचे पहिले सूत्र मानले जाते.

परंतु हिशेब थोडा लांबवर मांडला म्हणजे चित्र पालटते. लोखंडाने जमिनीला विष बाधते असे मानणारा माणूस आणि ग्रहणात अमुक करू नये असे मानणारा माणूस, या दोघांच्या मनाची घडण एकच आहे. एका समजुतीवर दुकान उघडावयाचे आणि दुसरीपुढे हात जोडावयाचे, हे फार दिवस साधत नाही. जो कारखाना माणसाने स्वतः पारखून घ्यावे या भरवशावर उभा राहिला, त्याच्या मासिकाने पारख करावयास शिकवावे, यात विसंगती नाही. उलट फार मोठी सुसंगती आहे. औषधाच्या जाहिरातींनी वाचकाची भीती वाढवून माल खपविला होता. येथे भीती घालविल्यावाचून माल खपणारच नव्हता.

याचा अर्थ असा नव्हे की मासिकाने नांगर विकले. नांगर विकले गेले ते नांगरांनीच. फाळ बोथट निघता, सुटा भाग वेळेवर मिळाला नसता, तर उत्तमातल्या उत्तम लेखानेही शेतकरी दुसऱ्यांदा फसला नसता. जाहिरात म्हणजे एका परीने उधारीच होय. तिने काढलेले ऋण भट्टीला आणि लेथला फेडावे लागते. ज्या लहान धंद्याची फेडण्याची ताकद नाही, त्याने मोठ्या जाहिरातीच्या मोहात पडू नये. ती त्याला जितकी लवकर नावारूपास आणील, तितक्याच लवकर त्याचे दोषही गावोगाव पोहोचवील.

लक्ष्मणराव १९५६ साली वारले, शंकरराव १९७५ साली. माळावरच्या त्या लहानशा कारखान्यातून पुढे पंप आणि इंजिने यांचे मोठे उद्योग वाढले. मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक घरांत मात्र किर्लोस्कर हे नाव प्रथम पोहोचले ते नांगरामुळे नव्हे. त्या घरांत ना रान होते ना बैल. तेथे ते नाव दर महिन्याला टपालाने आले, माजघरात वाचले गेले, आणि त्यावर वाद झाले. ज्यांस नांगर कधीच घ्यावयाचा नव्हता त्यांनाही नांगरवाल्यांचे नाव आपलेसे वाटले. जाहिरातीच्या मापाने मोजावे तर याहून मोठे यश कोणते?

सांगली जिल्ह्यातून पुण्याकडे येणाऱ्या लोहमार्गावर ते जुने कुंडल रोड स्टेशन आहे. त्याचे नाव मागेच बदलले. फलाटावरच्या पाटीवर आज 'किर्लोस्करवाडी' अशी अक्षरे आहेत. ती अक्षरे कोणत्याही जाहिरातीचा भाग नाहीत, आणि त्यांच्यासाठी कोणी पैसे मोजलेले नाहीत. गिऱ्हाइकाला सायकलवर बसावयास शिकविणाऱ्या एका दुकानापासून त्या पाटीपर्यंतची ही वाटचाल आहे.