आगीच्या विम्याचे धाकटे भावंड

मेडिक्लेम जन्माला आला 1986 साली, आणि तो जन्मला आग, जहाजे आणि मोटारी यांचे विमे उतरवणाऱ्या घरात. आरोग्य खात्याने त्याला जन्म दिला नाही, आयुर्विमा महामंडळानेही नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की आजच्या पॉलिसीतली निम्मी कलमे उलगडतात. हप्ता दर वर्षी का बदलतो, दावा केला नाही तर बोनस का मिळतो, आणि साठी उलटली की कंपनीची वागणूक का बदलते, ते सगळे या कुळातून आलेले आहे.

आधीची परिस्थिती अशी. कारखान्यातल्या कामगारांसाठी 1952 पासून ईएसआयची योजना होती, दिल्लीतल्या केंद्र सरकारी नोकरांसाठी 1954 पासून सीजीएचएस होती. दुकानदार, वकील, खासगी पेढीतला कारकून, शिकवणीवर घर चालवणारा मास्तर यांच्यासाठी काहीच नव्हते. आयुर्विमा होता, पण तो माणूस गेल्यावर किंवा मुदत संपल्यावर पैसे देणारा. मधल्या आजारपणासाठी जातीचा फंड, एखाद्या ट्रस्टची मदत, नाहीतर सोनाराची पेढी.

दुसरीकडे सर्वसाधारण विम्याच्या धंद्याचे राष्ट्रीयीकरण झालेले होते. 1 जानेवारी 1973 पासून 107 कंपन्या गुंडाळून चार सरकारी कंपन्या झाल्या: कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल, चेन्नईची युनायटेड इंडिया आणि मुंबईची न्यू इंडिया. न्यू इंडिया दोराबजी टाटांनी 1919 साली काढलेली. चौघींच्या डोक्यावर जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन. चारही कंपन्यांनी 1986 मध्ये सामान्य माणसासाठी जी रुग्णालय-खर्चाची पॉलिसी बाजारात आणली, ती म्हणजेच मेडिक्लेम.

तिचा मसुदा त्यांना येत होता तसाच झाला. गोदामाला आग लागली की झालेले नुकसान मोजायचे, पावत्या तपासायच्या आणि विम्याच्या रकमेच्या मर्यादेत भरपाई द्यायची. इथे गोदामाच्या जागी शरीर आले. बिल तुम्ही भरा, कागद आणा, आम्ही तपासून पैसे देतो. करार एका वर्षाचा, कारण गोदामाचा करारही एका वर्षाचाच असतो. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाला विम्याच्या रकमेत पाच टक्के भर, ती पन्नास टक्क्यांपर्यंत. ही कल्पना सरळ मोटारीच्या नो क्लेम बोनसवरून उचललेली. मोटार जपून चालवणाऱ्याला बक्षीस हे समजते; अपेंडिक्स जपून कसे वापरायचे, ते कोणी सांगितले नाही.

लबाडीची धास्तीही त्याच घरची. म्हणून पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या 30 दिवसांतला आजार वगळला (अपघात चालतो). मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया असल्या पुढे ढकलता येण्याजोग्या गोष्टी पहिल्या वर्षी वगळल्या. आधीपासून असलेला आजार तर कायमचाच बाद. रुग्णालय कशाला म्हणायचे तेही ठरवून टाकले: स्थानिक प्रशासनाकडे नोंदलेले असावे, नाहीतर किमान 15 खाटा, स्वतःचे ऑपरेशन थिएटर, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर असावेत. आणि रुग्ण तिथे निदान 24 तास दाखल असला पाहिजे. डायलिसिस, केमोथेरपी, डोळ्यांची शस्त्रक्रिया अशा थोड्याच गोष्टींना यातून सूट.

या 24 तासांनी पुढे बरीच करमणूक केली. वैद्यकशास्त्र पुढे गेले, सकाळी शस्त्रक्रिया आणि संध्याकाळी घरी असे होऊ लागले, पण पॉलिसी 1986 च्या घड्याळावर चालत होती. मग दुपारी घरी जाऊ शकणारा रुग्ण निव्वळ कलमासाठी रात्रभर खाट अडवून बसे. डे केअरच्या याद्या वाढत गेल्या त्या या विसंगतीमुळे.

हप्त्याचेही तेच. आयुर्विम्यात तिसाव्या वर्षी ठरलेला हप्ता साधारणपणे शेवटपर्यंत तोच राहतो. तरुणपणी थोडे जास्त घेऊन म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेले असते. वर्षाच्या करारात अशी साठवण नसते. यंदाच्या लोकांच्या हप्त्यातून यंदाचे दावे, एजंटाचे कमिशन आणि कचेरीचा खर्च भागवायचा, पुढच्या वर्षी नवा हिशेब. म्हणून वयाचे टप्पे पाडले: 35 पर्यंत, मग 45, 55, 65, 70, 75 आणि 80. टप्पा ओलांडला की हप्ता उडी मारतो. तुमची प्रकृती कालच्यासारखीच असते, फक्त सेहेचाळिसावे लागलेले असते. आणि ऐंशीनंतर, म्हणजे जेव्हा रुग्णालयाशी खरी ओळख होते तेव्हा, पॉलिसीच संपत असे.

तरीही वीस वर्षे हे स्वस्तात चालले, त्याचे कारण पुन्हा आगीत आहे. आग, मोटार, अभियांत्रिकी या विम्यांचे दर टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ठरवून देत असे. त्यात कमीजास्त करायची मुभा नव्हती आणि आगीच्या विम्यात भरपूर नफा होता. मग कारखान्याचा आगीचा विमा आपल्याकडे यावा म्हणून कंपन्या त्याच कारखान्याच्या कामगारांचा सामूहिक आरोग्य विमा तोट्यात देऊ लागल्या. आरोग्य विम्याला ठरलेला दर नव्हता, म्हणून सगळी सवलत तिथेच ओतली गेली. 1 जानेवारी 2007 ला आगीचे दर खुले झाले, ते कोसळले, आणि तोटा भरून काढणारी तिजोरी आटली. त्यानंतर आरोग्याचे हप्ते वाढले आणि पॉलिसीत नव्या कात्र्या आल्या. माझ्या मते मेडिक्लेमच्या इतिहासातली निर्णायक तारीख हीच आहे, 1986 नव्हे.

त्या कात्र्यांतली सर्वांत धारदार म्हणजे खोलीच्या भाड्याची मर्यादा: विम्याच्या रकमेच्या एक टक्का रोज. वाचणाऱ्याला वाटते, वरचे भाडे आपण भरू, त्यात काय! पण आपल्याकडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जनची फी, थिएटरचा आकार, भूलतज्ज्ञाचे पैसे, सगळेच चढते. तेच टाके, तोच सर्जन, पण स्वतंत्र खोलीतल्या रुग्णाला महाग. कंपन्यांनी हे ओळखून प्रमाणशीर कपात आणली.

समजा विमा पाच लाखांचा, म्हणजे भाड्याची मर्यादा 5,000 रुपये. तुम्ही 10,000 ची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. भाडे झाले 40,000, शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांचे मिळून 1,60,000, औषधे आणि इम्प्लांट 60,000. एकूण 2,60,000. भाड्यातले 20,000 मिळतील. खोली दुप्पट भावाची, म्हणून डॉक्टरांच्या रकमेतलेही निम्मेच, 80,000. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावू नये असे विमा नियामकाने नंतर सांगितले, म्हणून ते 60,000 पूर्ण. हातात 1,60,000, खिशातून 1,00,000. खोलीच्या भाड्यातला फरक मात्र फक्त 20,000 चा होता. शिवाय लाँड्री, मिनरल वॉटर, टेलिफोन, डायपर, क्रेप बँडेज अशा 68 वस्तूंची एक यादी आहे. बहुतेक पॉलिसींत ते पैसे वेगळे कापले जातात.

बिल आधी भरण्याची रीत 2007 च्या आधीच मोडू लागली होती. 2001 मध्ये विमा नियामकाने टीपीए नावाच्या मध्यस्थ कंपन्यांना परवाने देण्याचे नियम केले आणि ‘कॅशलेस’ सुरू झाले. रुग्णाची सोय झाली. रुग्णालयालाही कळले की समोरच्याकडे किती लाखांचे कार्ड आहे. ‘मेडिक्लेम आहे का?’ हा प्रश्न दाखल करताना पहिल्या दोन वाक्यांत विचारला जाऊ लागला. जुलै 2010 मध्ये सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरूतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत कॅशलेस थांबवले आणि ठरलेल्या दरांना तयार असलेल्या रुग्णालयांचे वेगळे जाळे बांधले. भांडण दोघांचे, आणि स्ट्रेचरवर तिसराच.

एक वर्षाच्या कराराची खोड मोडायला मात्र कोर्ट आणि नियामक यांना फार वेळ लागला. एका पॉलिसीधारकाने दाव्यासाठी भांडण केले म्हणून कंपनीने नूतनीकरणच नाकारले. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ही मनमानी असल्याचे सांगितले. ऑक्टोबर 2011 पासून प्रतीक्षाकाळाचे श्रेय न गमावता कंपनी बदलता येऊ लागली. 2013 च्या नियमांनी आजीवन नूतनीकरण दिले. आधीचा आजार, जो मुळात कायमचा बाद होता, तो चार वर्षांच्या आणि 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आत आला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचे कारण काढून दावा नाकारता येत नाही; ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. नव्या ग्राहकाच्या वयाची वरची अटही 2024 मध्येच गेली.

म्हणजे आता कंपनी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. पण दर बदलू शकते. जानेवारी 2025 मध्ये नियामकाने साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आपल्याशी सल्लामसलत करा असे बजावले, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. सामूहिक पॉलिसीवर तो तसाच आहे. दहा टक्क्यांची मर्यादा ऐकायला दिलासा देणारी आहे. पण आज 30,000 हप्ता भरणाऱ्याचा हप्ता कोणालाही न विचारता, दर वर्षी दहाच टक्के वाढवत नेला, तर आठ वर्षांनी तो 64,000 च्या वर जातो, आणि निवृत्तीवेतन घेणाऱ्यांतल्या फार थोड्यांचे उत्पन्न तेवढ्या वेगाने वाढते.