एक नाव: सान्तियागो

'ओल्ड मॅन अँड द सी'मधला म्हातारा कोळी सान्तियागो, 'अल्केमिस्ट'मधला मेंढपाळही सान्तियागोच! चिलीच्या राजधानीचंही (स्थापना १५४१) तेच नाव. मुळात 'सान्त इयागो', म्हणजे येशूचा शिष्य संत जेम्स. स्पेनमध्ये कॉम्पोस्तेलाला त्याची समाधी मानतात, लोक तिथे चालत जातात, अगदी आपल्या वारीसारखे.

पण मूर मुसलमानांशी लढताना हेच नाव स्पॅनिश सैनिकांची रणगर्जना होतं, आपल्या 'हर हर महादेव'सारखं. १५३२ मध्ये पेरूत, काहामार्काला, हीच आरोळी ठोकत ते इंकांवर तुटून पडले. मला चटका लावते ती पुढची गोष्ट. हरलेल्यांनी या संताला चक्क आपल्या विजेच्या देवाशी, इल्यापाशी, जोडून टाकलं! बंदुकीचा बार आणि 'सान्तियागो' एकदमच कानावर यायचं, मग दुसरं काय वाटणार त्यांना?