अ‍ॅडम्सच्या पाचबारी रिव्हॉल्व्हरची कुळकथा

दिवाळीत टिकलीवर घोडा आपटला की कडाडून बार होतो. नुसत्या ठोक्याने पेटणाऱ्या दारूची ही करामत बंदुकीत आणली स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीच्या पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. गारगोटीची ठिणगी उडाली की पक्षी आधीच सावध होत. 1807 मध्ये त्यांनी ठोक्याच्या चापाचे पेटंट घेतले, पुढे तांब्याची इवली टोपी आली, आणि फिरत्या चक्राच्या पिस्तुलाला खरा जीव आला.

अमेरिकेत कोल्टने 1836 मध्ये अशा पिस्तुलाचे पेटंट मिळवले. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या पिस्तुलांसमोर रॉबर्ट अ‍ॅडम्सचे पिस्तूल उभे राहिले. कोल्टची नळी पाचरीने अडकवलेली, चक्रावर वरून आधार नाही. अ‍ॅडम्सने चौकट आणि नळी एकाच लोखंडातून घडवली. घोड्याला अंगठ्यासाठी काटाच नव्हता. चाप ओढायचा, त्याच ओढीत चक्र फिरे, घोडा उठे आणि पडे. हातघाईत हे वरदान होते, पण ओढ जड असल्याने लांबचा नेम हाले. 1856 मध्ये रॉयल इंजिनियर्समधले लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँट यांनी ही उणीव काढली: घोडा आधी चढवून नेम धरा, नाहीतर नुसता चाप ओढा. ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी हे सुधारित पिस्तूल स्वीकारले. पुढच्या रिव्हॉल्व्हरांत हीच दुहेरी सोय रूढ झाली.

अ‍ॅडम्सची पिस्तुले 1857 च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. आपल्या इतिहासाशी त्यांचा संबंध आहे तो असा, आपल्यावर रोखलेल्या नळीचा.

जुन्या पिस्तुलांच्या नव्या प्रतिकृती निघू लागल्या त्या 1950 च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतल्या व्हॅल फॉर्जेटने इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया इथल्या कारागिरांकडून कोल्ट नेव्ही पिस्तुले घडवून घेतली. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर होती, त्यामुळे गिऱ्हाईक अमेरिकी आणि आवडही अमेरिकी. पुढे नऊ बारांच्या, मध्ये छऱ्यांची नळी असलेल्या ले मा पिस्तुलाचीही प्रतिकृती निघाली. ते पिस्तूल विलक्षण खरे, पण त्याचा वंश पुढे चालला नाही.

बोमाँटच्या चापाचा चालला, म्हणून प्रतिकृती घडवायची तर माझा कौल त्यालाच. संग्रहालयातला अस्सल नमुना काचेआड राहणार आणि तसाच राहायला हवा. तो चाप खोलून, कमान कुठे ताणते आणि चक्र कुठे अडते हे बोटांनी कळायला प्रतिकृतीच हवी. तिच्याशेजारी 1851 चे बिनकाट्याचे पिस्तूलही घडवावे. आधी त्याची जड ओढ हाताला कळू दे, मग बोमाँटचे हातात घ्यावे.