बाळंतविड्यातला क्रोशाचा स्वेटर

बाळंतविडा बघायला आलेल्यांपैकी कुणी तरी क्रोशाचा इवलासा स्वेटर उचलून म्हणतंच, "आपली जुनी परंपरा हो!" जन्मभर शाळेत शिवण-विणकाम शिकवल्यामुळे मला गप्प बसवत नाही. परंपरा कुंचीची. डोक्यावरून पाठीवर उतरणारी कुंची आणि जुन्या लुगड्याचं दुपटं, एवढ्यावर निफाडच्या थंडीतही पिढ्यान्‌पिढ्या बाळं निभावली. लोकर होती ती घोंगडीत, आणि घोंगडी तान्ह्या अंगाला टोचते.

क्रोशाची सुई आपल्याकडे बाहेरून आली आणि तिकडेही ती फार जुनी नव्हती. १८२३ च्या सुमारास एका डच मासिकात क्रोशाच्या रेशमी बटव्यांचे नमुने छापून आले. पुढे १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडू लागलं, उपासमार झाली. तेव्हा तिथल्या जोगिणींनी बायकापोरींना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या लेसवर कितीतरी चुली पेटत्या राहिल्या. मिशनरी बायकांबरोबर हेच काम हिंदुस्थानात आलं. आमच्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी जिथे समुद्राजवळ पोचते, त्या नरसापूरच्या मुलखात आजही घरोघरी बायका लेस विणतात.

आपल्याकडे क्रोशा पसरला तो मिशनच्या शाळांतून, नंतर मुलींच्या शाळांतून आणि शिवणाच्या वर्गांतून. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन उभं केलं, तिथेही शिवणकाम शिकवत. पण क्रोशा म्हणजे तेव्हा पांढरा दोरा: ताटावरचा रुमाल, परकराची लेस, दाराचं तोरण. लोकर ही दोन सुयांची मिरास.

ती क्रोशाकडे कशी आली, हे मी आमच्याच घरात पाहिलं. १९६२ च्या चीन युद्धात गावोगावच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. आमच्या आळीतही ओट्याओट्यावर दोन सुया चालत. उरलेल्या लोकरीच्या गुंड्या माझ्या आईने टाकल्या नाहीत. एकेका रंगात एवढीशीच लोकर, मग क्रोशाने तिचे चौकोन विणायचे आणि जोडून धाकट्याला स्वेटर. रंगांचा मेळ बसो न बसो!

मुलाच्या स्वेटरला क्रोशा सोयीचाही पडतो. दोन सुयांवर ओळभर टाके एकाच वेळी जिवंत असतात; त्यातला एक निसटला की तो शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात जिवंत टाका एकच. पोर रडलं, काम टाकून उठलात, तरी फार बिघडत नाही. गळ्यापासून सुरुवात करावी. साखळी घालायची, तिचे पुढचे दोन भाग, पाठ आणि दोन बाह्या असे पाच भाग पाडायचे आणि चारही कोपऱ्यांवर खांब-साखळी-खांब असं वाढवत काखेपर्यंत यायचं. तिथे बाह्यांचे टाके सोडून अंग पुढे न्यायचं. बाळ वाढलं की खालून दोन ओळी घालता येतात. भोकांची नक्षी घेराला ठेवा. वर मुका खांबच बरा, नाहीतर बाळाची बोटं अडकतात. आणि गळ्याला रिबीन नको म्हणजे नकोच, बटण लावा. लोकर मात्र क्रोशा जास्त खातो, हे कबूल.

मग कॅशमिलॉन, म्हणजे कृत्रिम लोकर, आलं. टोचत नाही, घरी धुता येतं, आटत नाही. पाठोपाठ लुधियानाचे यंत्रावर विणलेले स्वेटर आले. थंडीत तिबेटी विक्रेते शहरोशहरी त्यांचे बाजार मांडू लागले. त्यांच्या भावापुढे दोन सुयांचं घरचं विणकाम बघता बघता मागे पडलं. ते होणारच होतं; त्या विणीचं यंत्र इंग्लंडात विल्यम लीने १५८९ मध्येच बनवलं होतं.

क्रोशाचं तसं झालं नाही. 'क्रोशे मशीन' नावाची यंत्रं आहेत, पण त्यांची वीण निराळी, फक्त दिसायला तशी. खांबावर खांब हातानेच चढवावा लागतो. म्हणून मॉलमध्ये दोन-तीनशे रुपयांना खऱ्या क्रोशाचा स्वेटर दिसला, की मी तो उलटा करून टाके बघते आणि विणणारीच्या हातात त्यातले किती रुपये पडले असतील याचा हिशेब मांडते. तो जमत नाही. मला स्वतःला असा एक स्वेटर विणायला निवांत चार-पाच दुपारी लागतात, आणि माझा हात काही हळू नाही.