नाव कापणीचं, कष्ट पेरणीचे

सातवीच्या वर्गात एकदा भूगोलाचा विषय निघाला. माझा तास खरं तर उर्दूचा. पण ‘रबीउल अव्वल’ हा शब्द आला आणि एका मुलीने विचारलं, “टीचर, रब्बी पिकातला रब्बी तोच का?” हो, तोच. अरबीत ‘रबी’ म्हणजे वसंत आणि ‘खरीफ’ म्हणजे शरद. तिने लगेच पुढचं विचारलं, “पण रब्बी तर थंडीत पेरतात ना?”

प्रश्न बरोबर होता. या दोन्ही नावांत पेरणीचा ऋतू नाही, कापणीचा आहे. पावसात पेरलेलं शरदात हाती येतं, ते खरीप. थंडीत पेरलेलं वसंतात येतं, ते रब्बी. सारा पीक हाती आल्यावर वसूल व्हायचा, त्यामुळे दप्तराला कापणीचा हंगाम महत्त्वाचा होता. हंगाम, फसल, जिरायत, बागायत हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले आणि इथल्या मातीत असे रुजले की आज त्यांना कुणी परकं म्हणत नाही.

दप्तराचा हिशेब कापणीने चालायचा, शेतकऱ्याचा मात्र पेरणीने. याची सुंदर खूण म्हणजे शुहूर सन. हिजरी सन चांद्र असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. शेतीला तो जुळत नाही. म्हणून दख्खनेत सौर वर्षाचा शुहूर सन चालू झाला. त्याची सुरुवात 1344 च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाच्या काळात झाली असं इतिहासकार मानतात. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदांवर तोच सन सापडतो. आकडे अरबी शब्दांत, इसन्ने, सलास, खमस, आणि वर्षाचा पहिला दिवस मात्र सूर्य मृग नक्षत्रात जातो तो. लोक त्याला मृगसालही म्हणत.

मृग म्हणजे पेरणी. पण आमच्या ठाणे जिल्ह्यात काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होई. उन्हाळ्यात शेताच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, गवत असे थर रचायचे, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. हा राब. त्याने तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राख मिसळते. पहिल्या पावसाबरोबर त्यावर भात पेरायचा आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून चिखलात लावायची. आधी छोट्या जागेत रोप सांभाळून वाढवायचं, मग शेतात न्यायचं, ही युक्ती कोकणाला कुणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

याच राबावरून इंग्रज सरकारशी मोठा वाद झाला. 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलातून राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी नाराजी पसरली की 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. सरकारला दिसत होती तुटलेली फांदी. शेतकऱ्याला दिसत होतं त्या फांदीवर अवलंबून असलेलं सगळं वर्षाचं भात.

भाजीचीही गोष्ट अशीच आहे. फलोत्पादनाच्या पुस्तकांत नोंद आहे की 1822 मध्ये डॉ. जेम्सन यांनी इंग्लंडहून फुलकोबीचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आणलं. ही बाग मुळात रोहिल्यांच्या काळातली, फरहत बख्श नावाची. युरोपातल्या फुलकोबीला गड्डा धरायला चांगली थंडी लागते. आपल्याकडे ती सगळीकडे कुठून मिळणार? उत्तरेतल्या माळ्यांनी उष्म्यातही ज्या झाडांना गड्डा आला त्यांचं बी राखलं, पुढच्या वर्षी तेच पेरलं. पिढ्यान्‌पिढ्या असं करत भारतीय फुलकोबी तयार झाली. तिच्या प्रकारांची नावं ऐका : कुंवारी, कतकी, अगहनी, पूसी, माघी. म्हणजे क्वार (आपला आश्विन), कार्तिक, अगहन, पौष, माघ. पुन्हा नाव कापणीच्या महिन्याचं! डॉ. जेम्सन यांचं नाव पुस्तकात राहिलं. बी राखणाऱ्या माळ्यांपैकी एकाचंही राहिलं नाही.

या नावांकडे दुर्लक्ष केलं तर फुलकोबी शिक्षाही देते. लवकरचं वाण उशिरा पेरलं तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येतो. उशिराचं वाण लवकर पेरलं तर नुसती पानं वाढत राहतात.

थंड देशांत लोक बी घरात आधी रुजवतात ते बर्फाच्या भीतीने. आपल्याकडे बर्फ नाही. आपली अडचण वेगळी : गारवा थोडे दिवस टिकतो आणि मार्चमध्ये ऊन तापतं. म्हणून सप्टेंबरात, पाऊस चालू असतानाच, आडोशाला ट्रेमध्ये बी टाकायचं. चार आठवड्यांनी, पाऊस ओसरला की, रोपं कुंडीत किंवा वाफ्यात लावायची. ऑक्टोबरच्या उन्हात पहिले काही दिवस त्यांना सावली द्यायची. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी या सगळ्यांना हे लागू आहे. नोव्हेंबरात थंडी जाणवल्यावर बी शोधायला निघालं, तर हंगामाचा मोठा भाग हातचा गेलेला असतो.

मी हे ऐरोलीत, इमारतीच्या गॅलरीत करते. ट्रे भरताना दरवेळी एक गोष्ट आठवते. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घेण्यात आली. ऐरोली त्यातलंच. इथे आगरी-कोळ्यांची भातशेती होती. जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याला आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावठाण अजून आहे, राब पेटवायला शेत मात्र नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं : नावं कापणाऱ्याच्या वहीतून येतात, पीक मात्र आधी पेरणाऱ्यामुळे येतं. दुसऱ्या दिवशी ती एका कागदाच्या पुडीत मिरचीचं बी घेऊन आली. तिच्या आजीने राखेत घोळून ठेवलेलं. आजी इथल्याच गावठाणातली आहे. या सप्टेंबरात वर्गाच्या खिडकीत पहिला ट्रे त्याच बियांचा असेल, आणि त्याच्या पाटीवर आजीचं नाव.